‘वर पाऊस झाला’ म्हणतात, ते वर बघून आले

आमचं गाव भीमेकाठी, दौंडाच्या खालच्या अंगाला. आषाढ-श्रावणात आमच्याकडे ढग येतात, पण डोक्यावरून नुसते निघून जातात; मागं ठेवतात वारा आणि धूळ. आणि अशा कोरड्या दिवसांत एखाद्या सकाळी धुणं घेऊन घाटावर जावं, तर नदी तांबडी. पायऱ्या बुडालेल्या, पाण्यावरून वाळकी लाकडं, पालापाचोळा, एखादी मोडकी पाटी वाहत चाललेली. शेजारची कोणी तरी म्हणते, "वर पाऊस झाला." एवढंच. वर म्हणजे कुठं, हे मी लहानपणी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, मावळात. लग्नानंतर ह्यांना विचारलं. ह्यांनी नुसता मावळतीकडे हात केला. जन्मभर त्या ‘वर’चं पाणी प्याले, त्यात धुणी धुतली, पण ते बघायचा योग आला साठी उलटल्यावर, तोही नातीच्या लग्नापायी.

माझी नात शालन, थोरल्याची मुलगी. तिला मुळशीकडचं स्थळ सांगून आलं. पौडाच्या पुढं माले म्हणून गाव आहे, त्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी, तिथलं घर. मुलगा दत्तू, वडील वारलेले, आई सोनाबाई, भाताची शेती. माझी दोन्ही मुलं श्रावणात घर बघायला गेली आणि परत आली ती वेडी होऊनच. डोंगरावरून पाणी काय, खाचरांतून पाणी काय, घरामागं ओढा काय. धाकटा म्हणाला, "आई, तिथं पाणी शोधावं लागत नाही. पाय ठेवशील तिथं लागतं."

मोठा दुष्काळ होऊन पाच-सहा वर्षंच झाली होती तेव्हा. त्या दुष्काळात शालननं, एवढीशी पोर, डोक्याचे केस झिजेस्तोवर पाणी वाहिलं होतं. पाण्याच्या गावात पोर द्यायची, हे आमच्या घरात सगळ्यांनी मनात धरलेलं. मी म्हटलं, घर चांगलं असेल, माणसंही असतील, पण तुम्ही गाव बघितलंत श्रावणात. मी वैशाखात बघीन, मग काय ते ठरवू. सगळे वैतागले. थोरला म्हणाला, म्हातारीला आता नदीची पण पत्रिका बघायचीय. पण मुलाकडचे थांबले, आणि ते थांबले हे मला बरं वाटलं. मी निघाले तेव्हा शालन पिशवीत भाकरी बांधून देताना एवढंच म्हणाली, "आजी, असेल ते सांग. गोड करून सांगू नकोस."

मी शाळेत गेलेली नाही. मुलांच्या जुन्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवत शिकले. म्हणून बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

पौड

पौडला पोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. पुढं मालेकडे जाणारी एस.टी. वाटेत बंद पडली होती म्हणे, आता सकाळीच. पण माझं काही अडलं नाही. स्टँडसमोर जैनबचं किराणा दुकान. जैनब आमच्या दौंडाची. तिचे वडील बाजारात मसाला विकायचे, आणि ही परकर सावरत त्यांच्या शेजारी पुड्या बांधत बसायची, तेव्हापासून मी तिला ओळखते. मला बघून ती गल्ला सोडून उठलीच. चहा, मग कांद्याची भाजी-भाकरी, मग माहेरच्या एकेका माणसाची चौकशी. दौंडातलं कोण कुठं गेलं, कोणाची सून कशी, सगळं झालं.

तिच्या दुकानाच्या दारात काथ्याच्या दोरांची वेटोळी छातीइतकी रचलेली. मला वाटलं, गुरांसाठी असतील.

"गुरांचे न्हाईत मावशी, हिरींचे," ती म्हणाली. माघापर्यंत दोर कोणी विचारत नाही. होळीच्या सुमाराला लोक जुन्या दोराला जोड द्यायला तुकडा मागतात, आणि चैत्र लागला की पुरं वेटोळंच नेतात. विहिरीचं पाणी खाली चाललं की जैनबचा दोर खपतो. आणि हेच लोक पुढं दोन महिन्यांनी घोंगड्या मागायला येतात, तेव्हा इतकं पाणी की घरात चूल पेटत नाही. "एका दुकानात मी दोन मुलूख सांभाळतीया," म्हणाली आणि हसली.

मी सोनाबाईच्या घराचं विचारलं. माणसं चांगली, असं ती लगेच म्हणाली. मग यंदा त्या वाडीत पाण्यावरून काही कुरबूर आहे, असं काही तरी बोलायला लागली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी पुन्हा विषय काढला, तर म्हणाली, "माझ्या तोंडून कशाला? तुमी बघायला आलाय न्हवं, बघा की."

त्यावर मला झोप कशी लागावी? पण लागली. प्रवासाचा शीण.

माले, नदीत

सकाळच्या गाडीनं मालेला उतरले आणि आधी नदीवर गेले. मुळा ती. पुण्यात मुठेला मिळते, आणि मग दोघी मिळून आमच्या भीमेला. म्हणजे माझीच नदी, लहानपणची. बघायला गेले आणि काय सांगू, नदी घरीच नव्हती.

नुसते दगड. काळे, गोल, घासून घासून गुळगुळीत झालेले, म्हशी बसाव्यात तसे बसलेले. मधूनच एखादा डोह, त्यात हिरवं, निवांत पाणी. काठच्या जांभळीच्या फांद्यांत वाळलं गवत अडकलं होतं, कोणी मुद्दाम खोवल्यासारखं. मी मान वर करून बघितलं तेव्हा उमगलं, ती पुराची खूण. पावसाळ्यात पाणी तिथवर असतं. त्या खुणेच्या कितीतरी खाली मी उभी होते, आणि माझे पाय कोरडे.

डोहाकाठी एक बैलगाडी उभी होती. गाडीत पिंप, पिंपाच्या तोंडावर धोतराचं फडकं बांधलेलं, आणि एक उंचसा, सावळा तरुण बादलीनं पाणी आणून त्यात गाळून ओतत होता. मला बघून म्हणाला, "आजी, खाली उतरू नका. दगड सटकतोय."

मी वरूनच विचारलं, अरे, तुमची नदी गेली कुठं? तो हसला. मग बादली भरता भरता त्यानं सांगितलं. वरच्या अंगाला धरण आहे. तिथलं पाणी डोंगरापलीकडे कोकणात उतरवतात, त्यावर वीज होते. पावसाळ्यात धरण भरून सांडलं की इथं नदी. ओढ्यांचं पाणी मिळतं ते दिवाळीच्या पुढं थोडे दिवस. मग राहतात ते हे डोह. मी म्हटलं, मग ह्या डोहांना पाणी कोण देतं?

"जमीन देती की. पावसाळ्यात जी काय प्याली आसंल, ती आता हळूहळू सोडती. लई न्हाई पीत आमची जमीन. वर वीतभर माती, खाली समदा कातळ. पानी पडलं का पळालं, तुमच्याकडं."

तुमच्याकडं, म्हणाला. कारण मी भीमेकाठची हे मी बोलून गेले होते. मग त्यानं विचारलं, कोणाकडं निघालात? मी म्हटलं, वाडीत, सोनाबाईंकडं. त्याच्या हातातली बादली तशीच अर्ध्यात थांबली. मग ती नीट पिंपात रिकामी करून, फडकं आवळून तो म्हणाला, "बसा गाडीत. मी तिकडंच चाललोय."

चढणीच्या वाटेनं तो बैलांशीसुद्धा बोलला नाही. तेव्हा मी काय ते ओळखलं. माझ्या नातीला ज्याचं स्थळ सांगून आलं होतं, तो हाच.

वाडी

वाटेत दोन्ही बाजूंना जमिनीचे काळे चौकोन दिसत होते, जळून धूर निघणारे. आमच्याकडे शेतात आग दिसली की लोक बोंबलत धावतात. इथं मुद्दाम लावतात. शेणगोवऱ्या, पालापाचोळा, माती असे थर रचून भाजायचे, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत भाताचं बी टाकायचं. राब म्हणतात त्याला. धुराचा वास साडीला लागला तो घरी जाईपर्यंत होता.

गाडी वाडीत शिरली तशा बायका हंडे-कळशा घेऊन बाहेर आल्या. त्यांतली एक, हिरा तिचं नाव, ठसठशीत कुंकू, कंबरेवर हात, ती म्हणाली, "आलं गं बाई हरभऱ्याचं पानी."

बाकीच्या हसल्या. कोणी तरी तिला खुणावलं की पाहुणी आहे. "पावनी हाय तर चांगलंच की," ती म्हणाली, "तिलाबी घुगऱ्या घाला."

मला काही कळेना. दत्तू प्रत्येकीच्या हंड्यात पाणी ओतत राहिला. आधी एका आंधळ्या म्हातारीच्या दारात, मग बाकीच्यांना, आणि पिंपाच्या तळाचं उरलं ते स्वतःच्या घरी.

सोनाबाई ओसरीवर बसून इरलं विणत होती. बांबूच्या कामट्या आणि पानं घालून केलेलं हे इरलं पाठीवर घेऊन इथल्या बायका पावसात भात लावतात. तिच्यामागं छपराला लागेल इतकी लाकडं रचलेली, भिंतींना बाहेरून पेंढ्यांचा कूड, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. मला हसावं की रडावं कळेना. माझ्यापुढं तिनं ठेवला तो तांब्या काठोकाठ नव्हता, आणि घर सगळं पाण्यापासून वाचायची तयारी करत होतं.

पण बाई मायाळू. तिनं माझे पाय धुवायला म्हणून पाणी आणलं, तर मी ते घेतलं नाही, म्हटलं, मी पण दुष्काळातली आहे, मला ओलं फडकं पुरे. ह्यावर तिचा जीव जरा भांड्यात पडला. भांडी राखेनं घासून एका वाटीच्या पाण्यात विसळायची, तांदूळ धुतलेलं पाणी वासराला, हे तिचं सगळं माझ्या घरासारखंच. मी म्हटलं, आम्ही दोघी एकाच शाळेत शिकलो.

जेवायला आंबेमोहोराचा भात. ताटात पडला आणि घर भरून वास सुटला. नाचणीची भाकरी, कैरीची चटणी आणि हरभऱ्याची आमटी. आमटी झकास झाली होती. दत्तूनं मात्र ती घेतली नाही, भातावर नुसतं मीठ-ताक घेतलं. मी विचारलं, बाई, घरामागं ओढा आहे, झरा आहे असं माझी मुलं सांगत होती, मग पाणी डोहावरून का आणावं लागतं?

सोनाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा पाऊसच कमी पडला, मावशी. न्हाईतर आमचा झरा आसा न्हाई. वैशाखातबी चालतो."

मी घास तसाच धरला. म्हटलं, "गेल्या श्रावणात आमच्या घाटाच्या सगळ्या पायऱ्या बुडाल्या होत्या. आमच्याकडे तर तेव्हा थेंब नव्हता."

"ते दुसऱ्या नदीचं आसंल. भीमंला काय, कितीक नद्या मिळत्यात."

तेही खरंच होतं. मी म्हटलं, असेल बाई. पण माझ्या मनात शालनचं बोलणं आलं. सोनाबाई पुढं धरणाचं काही सांगायला लागली.

"आये," दत्तू म्हणाला. आवाज चढला नव्हता त्याचा. "धरण नदीवर हाय. झरा डोंगराचा. धरणाचा काय संबंध त्यात?" मग माझ्याकडे वळून, "आजी, पाऊस झाला. लई झाला. बांध मी फोडला."

मग त्यानं सगळं सांगितलं. झऱ्याच्या डोक्यावर डोंगरउतारावर ह्यांचं भाताचं एक खाचर आहे. वाडीत त्याला झऱ्याचं खाचरच म्हणतात. सगळीकडे भात पिकलं की बांध फोडून पाणी सोडून देतात, म्हणजे जमीन वाळते आणि कापणी सोपी जाते. ह्या एका खाचराचा बांध त्याच्या वडिलांनी कधी फोडला नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. पाणी तिथंच मुरू द्यायचं, चिखलात उभं राहून भात कापायचं आणि पेंढ्या डोक्यावरून आणून वरच्या बांधावर वाळवायच्या. पायाच्या बोटांत चिखल्या पडतात, कातडं सोलून निघतं. पण ते मुरलेलं पाणी कातळाच्या भेगांतून उतरत उतरत वैशाखात झऱ्याला येतं, आणि वाडी त्यावर पाऊस येईतो काढते. गेल्या दसऱ्याला दत्तूनं तो बांध फोडला. ओल धरून हरभरा पेरायचा होता. पौडाकडे लोक भातामागं दुसरं पीक घेतात ते त्यानं बघितलं होतं. आई नको म्हणत होती. एका वर्षानं काय होतंय, त्याला वाटलं. होळी झाली आणि झऱ्याची धार बारीक झाली.

सोनाबाई उठून चुलीपाशी गेली, आमच्याकडे पाठ करून बसली. "झालं," म्हणाली. "आता मावशी नातीला देतील होय हितं?"

मी दत्तूला विचारलं, "हरभरा कसा झाला?"

"चांगला झाला." मग ताटाकडे बघून, "म्या चाखला न्हाई."

मी आमटी आणखी एक वाटी मागून घेतली, चुलीकडे बघून.

झऱ्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाईबरोबर मी झऱ्यावर गेले. कातळात एक खोबण, तिच्यातून पाण्याची धार. धार कसली, करंगळीएवढीसुद्धा नाही. खाली हंड्यांची रांग, आणि रांगेच्या दोन्ही अंगांना बायका बसलेल्या, हंडा भरेपर्यंत कोणी करवंदं खात होती, कोणी दुसरीच्या केसांतून फणी फिरवत होती. मलाही मूठभर करवंदं मिळाली. आमच्या घाटावर असतं तेच राज्य इथं होतं, फक्त धुणं नव्हतं.

बसल्या बसल्या मी माझ्या मनाशी हिशेब लावला, बाईमाणसाला स्वयंपाकघरात लावता येतो तसा. आभाळ वाढतं ते सगळ्यांना सारखं नाही. इथं ओंजळीनं, आमच्याकडे चिमटीनं. पण ताटात पडलं ते पोटात जातंच असं नाही. इथलं बहुतेक नदीनं पळतं. काही ऊन पितं, काही झाडं, काही भात. उरलंसुरलं जमीन पोटात ठेवते, आणि पुढं आठ महिने तेवढ्यावरच निभावायचं. आमची काळी जमीन चिमूटभर मिळालं तरी धरून बसते, म्हणून वैशाखातही आमच्या विहिरीत बरं पाणी असतं. म्हणजे नदी पावसाळ्यात आभाळाची असते आणि पुढं जमिनीची. माझ्या मुलांनी आभाळाची नदी बघितली होती. मी दुसरी बघायला आले होते.

हिरा माझ्या शेजारी येऊन टेकली. मी कोण ते तिला एव्हाना समजलं होतं. मी सरळच विचारलं, तुमचं सगळ्यांचं पाणी त्यानं घालवलं, मग असल्या घरात पोर द्यावी का?

ती म्हणाली, "शिव्या आमी देतोच. रोज देतो. पन होळीपासनं एक दिवस त्याची गाडी चुकली न्हाई. आंगात ताप होता तवाबी आला. आमी शिव्या देतो, तो पानी देतो, आसं चाललंय." मग सोनाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात, "औंदा फोडला बांध, तर बैल सोडून त्यालाच जुपनार हाय आमी. व्हय का न्हाई, सोनावैनी?"

सोनाबाई म्हणाली, "जू मी देते."

पहिल्यांदाच हसली ती मी आल्यापासून.

मी हिराला म्हटलं, पण येत्या दसऱ्याला तो पुन्हा फोडणार नाही कशावरून?

"ते मी कसं सांगू?" ती म्हणाली. "माझा हंडा भरला." आणि उठून गेली.

परत घरी

निघताना सोनाबाईनं आंबेमोहोराची पिशवी बांधून दिली. मी म्हटलं, हरभरेही द्या थोडे. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि फडक्यात बांधून दिले.

घरी आल्यावर मुलांना मी काहीच सांगितलं नाही. आधी शालनला मागच्या दारी घेऊन बसले आणि होतं तसं सगळं सांगितलं. नदी नाही, दगड आहेत. झरा करंगळीएवढा आहे आणि तो कोणामुळं. तिनं विचारलं, "विचारलंस म्हणून सांगितलं, का आपणहून?"

मी म्हटलं, "आई झाकत होती. त्यानं उघडं केलं."

ती हरभरे या हातातून त्या हातात घेत बसली. मग म्हणाली, "वैशाखात हंडा घेऊन चालावं लागेलच म्हणजे."

"लागेलच."

"ते दुष्काळात इथंही चाललेच की," ती म्हणाली. आणि हरभरे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घुगऱ्या करून सगळ्यांना वाटल्या, स्वतःही खाल्ल्या. मुलं विचारत राहिली, काय ठरलं, काय ठरलं. मी म्हटलं, खाताय काय ते तरी बघा.

ज्येष्ठात लग्न झालं, आमच्या दारात, आमच्याच विहिरीच्या पाण्यावर. वऱ्हाडाबरोबर हिराही आली होती. हंडेच्या हंडे पाणी बघून पदर तोंडाला लावून उभी राहिली. म्हणाली, "पाऊस आमचा, नि पानी तुमच्याकडं."

शालन सासरी गेली, आषाढ लागला, आणि आमच्याकडे नेहमीसारखीच धूळ. एका सकाळी घाटावर गेले तर नदी तांबडी, तिसऱ्या पायरीपर्यंत आलेली. शेजारीण म्हणाली, "वर पाऊस झाला." मी म्हटलं, "शालनकडं झाला." पण माझ्या मनात काही तरी खुपत होतं. पाऊस पडायचाच. पुढं दसरा येतो.

दसरा गेला. निरोप काही नाही. वाडीत पोस्टमन कधी पोचणार, आणि शालनला लिहायचा कंटाळा. मीही विचारलं नाही. काय विचारणार, बांधाचं? लग्नाआधी विचारायचं ते विचारून झालं होतं.

दिवाळसणाला दोघं आली. त्यांच्याकडची हळवी, लवकर पिकणारी भातं कापून झाली होती, नवा तांदूळ घेऊन आली. शालन उन्हापावसानं रापली होती, पण चेहरा भरलेला. पहाटे अंघोळीला पाट मांडला, जावयाला पहिला मान. मी तेलाची वाटी घेतली, रांगोळीजवळ बसले. दत्तूनं पाय पुढं करायला जरा मागंपुढं केलं. मी म्हटलं, करा पुढं, आजीपुढं कसली लाज.

पाय पुढं आले. दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडं सोललेलं, पांढरं पडलेलं, मधे लालभडक. चिखल्या. मी शालनच्या पायांकडे बघितलं. तिनं साडीचा घोळ ओढून घेतला, पण मला दिसायचं ते दिसलंच.

तेल राहू दिलं बाजूला, आणि तांब्यातलं कोमट पाणी त्याच्या पायांवर अगदी हळू सोडलं, झोंबू नये म्हणून.